पाखरांची खानेसुमारी



सकाळी सातच्या सुमारास पंचायत समितीचा विस्तार अधिकारी हातात वही घेऊन बांधावर उभा आहे, आणि पिकाकडे न पाहता बाभळीच्या शेंड्याकडे टक लावून बसला आहे, असे तुम्हाला दिसले तर तुम्ही काय म्हणाल? आमच्या गावात काय म्हणाले ते सांगतो. "धाकट्याला निवृत्तीच्या आधीच वेड लागलं." आणि हे म्हणणारा कोणी परका नव्हता. माझा थोरला भाऊच होता. त्या वेडाची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे, कारण ते वेड आता दादालाही लागले आहे.

बी.एस्सी. (कृषी) होऊन मी नोकरीला लागलो त्याला तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत मी तुम्हाला सर्वांत जास्त वेळा कोणती गोष्ट सांगितली असेल, तर 'मोजा' ही. बियाणे मोजून पेरा. खत मोजून टाका. हरभऱ्यात एक मीटर ओळीतल्या घाटेअळ्या मोजा, एक-दोन सापडल्या तरच फवारा. कामगंध सापळ्यातले पतंग मोजा, सलग तीन दिवस आठ-दहा सापडले तर सावध व्हा. राज्यात २००९ साली कीड-रोगांच्या सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून तर मोजणे आणि लिहिणे हेच आमचे नित्यकर्म झाले.

माझ्या भाषणात आणखी एक वाक्य ठरलेले असे. "हरभऱ्यात एकरी वीस पक्षी थांबे लावा. पाखरे येऊन बसतील आणि अळ्या वेचून खातील." किती गावांत हे सांगितले याला गणती नाही. पण त्या थांब्यावर कोण येऊन बसते, किती वेळ बसते, किती वेळा खाली उतरते, हे मी स्वतः एकदाही उभे राहून पाहिले नव्हते. अळ्या मोजल्या, पाखरे मोजली नाहीत. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय?

गेल्या फेब्रुवारीत सुटी काढून गावी गेलो होतो. आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, नांदूरमध्यमेश्वरपासून फार लांब नाही. पुतणी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "काका, उद्या सकाळी मला सोबत करा. पाखरं मोजायची आहेत." मी विचारले, "कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "कुणी सांगितलेलं नाही. जगभर लोक आपखुशीनं मोजतात. पगार नाही, बक्षीस नाही."

मग तिने मला सगळे समजावून दिले. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाची मोजणी असते. आपल्या भाषेत परसातल्या पाखरांची खानेसुमारी म्हणा. १९९८ साली ती अमेरिकेत सुरू झाली, २०१३ पासून आपल्या देशातही होते. नियम सोपे आहेत. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबायचे. जेवढी पाखरे दिसतील आणि ऐकू येतील तेवढी सगळी लिहायची, आवडती तेवढीच नव्हे. प्रत्येकाची संख्या लिहायची. एकच पाखरू दोनदा धरायचे नाही. ओळखले नाही तर अंदाजाने नाव ठोकून द्यायचे नाही. मग हा तक्ता मोबाईलवर ई-बर्ड नावाच्या ठिकाणी भरायचा. तिथे जगभरातले तक्ते एकत्र होतात आणि शास्त्रज्ञ त्यावरून हिशेब काढतात.

या मोजणीचे मूळ आणखी जुने आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि कोण जास्त पाखरे मारतो याची शर्यत लावायची, अशी एक पद्धत होती. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने सुचवले की, या वेळी मारू नका, मोजा. त्या वर्षी सत्तावीस माणसे निघाली. ती नाताळची मोजणी आजही चालू आहे. आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. धरणे, तलाव, खाड्या अशा ठिकाणी हौशी माणसे पहाटे जाऊन बदके, बगळे, करकोचे मोजतात.

रात्री जेवताना हे बोलणे चालले होते. दादा भाकरी मोडता मोडता थांबला आणि म्हणाला, "मोजायचीच असतील तर भोरड्या मोजा. आणि त्यांनी खाल्लेला माझा जोंधळाही मोजा. कळू दे सरकारला."

वहिनी गप्प झाल्या. मीही गप्प झालो. त्या बोलण्याला कारण होते. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत दादा दर रब्बीला दीड एकर जोंधळा करीत असे. खायला भाकरी आणि बैलांना कडबा, दोन्ही घरचे. हळूहळू शिवारात सगळे कांद्याकडे वळले. जोंधळा एकट्या दादाचा राहिला. एकट्याचा जोंधळा म्हणजे सगळ्या शिवारातल्या पाखरांची पंगत! हुरडा भरू लागला की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत. दादा आणि वहिनी पहाटेपासून माळ्यावर उभे. गोफण फिरवून दादाचा खांदा धरला. त्याने मला विचारले, तेव्हा मी चमकणाऱ्या फिती लावायला सांगितल्या. दोन दिवस पाखरे बिचकली, तिसऱ्या दिवशी फितीखालीच बसून दाणे टिपू लागली. माझ्याजवळ दुसरे उत्तर नव्हते. दादाने जोंधळा बंद केला आणि आमच्या घरात पहिल्यांदा विकतची ज्वारी आली. शेतकऱ्याच्या घरी विकतचे धान्य येणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

पुतणी मात्र म्हणाली, "आप्पा, भोरड्या पण मोजायच्याच आहेत. सगळीच मोजायची, हा नियमच आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघे हरभऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. वही माझ्याकडे. पहिली पाच मिनिटे मोठी सोपी गेली. साळुंक्या चौदा, होले सहा, गायबगळे नऊ, टिटव्या दोन, वेडे राघू पाच, बुलबुल चार. मी भराभर लिहीत होतो. तेवढ्यात ढेकळांतून एक लहानसे तपकिरी पाखरू उडाले आणि पुढे जाऊन बसले. पुतणी म्हणाली, "काका, हे कोणतं?" मी अधिकारी माणूस! एक नाव सांगून मोकळा झालो. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, "बहुतेक." ती म्हणाली, "मग नको लिहायला." 'माहीत नाही' असे कबूल करायला मला तीस वर्षे नोकरी करावी लागली, मंडळी!

एवढ्यात लाइट आली म्हणून दादा मोटार चालू करायला आला. आम्हाला पाहून हसला आणि विहिरीकडे निघाला. पण चार पावलांवर थांबला. मान वर न करताच म्हणाला, "चंडोल राहिला तुमचा." आम्ही इकडे तिकडे पाहू लागलो. "खाली नाही रे, वर बघ. आभाळात गातोय." खरोखरच उंच आभाळात एक ठिपका तरंगत होता आणि गाणे खाली येत होते. मग उसातून भारद्वाज घुमला, तोही दादाने ऐकला. लिंबावरचा तांबट त्यानेच सांगितला. आमच्यापाशी वही होती, मोबाईल होता. ऐकणारे कान दादाचे होते. साठ वर्षे ज्या शिवारात काढली तिथला आवाज न् आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याला फक्त कोणी विचारले नव्हते.

मोटार चालू करून दादा परत आला तो तिथेच उभा राहिला. तेवढ्यात पूर्वेकडून भोरड्यांचा थवा आला. मी बोटाने मोजू लागलो आणि वीसच्या पुढे गोंधळलो. पुतणीने युक्ती सांगितली. आधी दहा पाखरे मोजायची, दहांना आभाळात केवढी जागा लागते ते पाहायचे, मग तेवढ्या किती जागा भरतात ते मोजायचे. दादा म्हणाला, "खळ्यावरची रास बघून पोती सांगतो आम्ही, त्यात काय!" आणि एक नजर टाकून बोलला, "सव्वाशे ते दीडशे." पुतणीने मोबाईलवर फोटो काढला होता. घरी जाऊन एकेक टिंब मोजले, तर एकशे अडतीस निघाली.

ही भोरडी कुठून येते, हे त्या दिवशी मी दादाला सांगितले. ती इथली नव्हे. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात ती अंडी घालते आणि तिथे टोळ, नाकतोडे खाते. चीनच्या शिनजियांग भागात टोळ आवरावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. दादा म्हणाला, "म्हणजे त्यांचं काम करती आणि मजुरी आमच्याकडून घेती!" मी हसलो, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मग त्याने एकाएकी विचारले, "तास कुठं गेला रे?" निळ्या पंखांचा तास, ज्याला कोणी नीळकंठ म्हणतात. आमच्या लहानपणी विहिरीच्या वाटेवर तारेवर बसलेला असायचा. त्या सकाळी दिसला नाही. दादाला वाटले की, आपलीच नजर कमी झाली असेल. पण हजारो हौशी लोकांच्या मोजणीतूनही तेच निघाले आहे. तास आपल्या देशात ठिकठिकाणी कमी होत चालला आहे.

दादाने पुढचा प्रश्न विचारला. "गिधाडं लिहायची का? आपल्याकडं होती की." पुतणी म्हणाली, "आज दिसतील तेवढीच." त्यावर कोणी बोलले नाही.

तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढचे जे असतील त्यांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आभाळ गिधाडांनी भरून जाई, आणि संध्याकाळी नुसता सांगाडा उरे. मी नोकरीला लागलो त्या सुमाराला आमचा एक बैल आजारी पडला. ताप आणि सूज होती. डायक्लोफिनॅकची इंजेक्शने दिली. तेव्हा ते औषध नवे होते, स्वस्त होते, गुणही चांगला येई. बैल वाचला नाही. नेहमीच्या जागी नेऊन टाकला. गिधाडे आली, जेवून गेली. त्यात आम्हाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पुढच्या काही वर्षांत गिधाडे दिसेनाशी झाली. कोणी म्हणे रोग आला, कोणी म्हणे झाडे तोडली म्हणून गेली.

खरे कारण कळले, आणि त्याची सुरुवात मोजणीतून झाली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडे मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मोजली, तेव्हा फरक पाहून ते हादरले. मग देशभर रस्त्यांवरून फिरून मोजणी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के घटली होती. म्हणजे हजारांतले एक उरले! २००४ साली कारण सापडले. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही, ते पुढे आले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधेही जनावरांसाठी बंद झाली.

आमच्या बैलामुळे किती गिधाडे मेली, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित एकही नसेल. पण हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आम्ही औषध दिले ते बैल जगावा म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण नकळत केलेल्या गोष्टीचाही हिशेब निघतो, आणि तो वेळेवर निघायचा असेल तर आधीची नोंद लागते. पहिली मोजणी वहीत नसती, तर दुसरी कशाशी ताडून पाहिली असती?

गिधाडांची मोजणी शास्त्रज्ञांनी केली. पण शास्त्रज्ञ असतात किती, आणि देश केवढा! म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांची मोजणी लागते. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा देशातल्या पाखरांचा अहवाल निघाला. तीस हजारांवर हौशी लोकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ३३८ जाती वर्षानुवर्षांत वाढल्या की घटल्या हे सांगता आले, आणि त्यांपैकी २०४ घटलेल्या निघाल्या. माळराने, गवताळ राने अशा उघड्या मुलखातली पाखरे जास्त घटली. शिकारी पाखरेही घटली.

मोजणीतून नेहमी वाईटच निघते असे मात्र नाही. चिमणी संपली असे आपण सगळेच म्हणत होतो. २०२० सालच्या अहवालात दिसले की मोठ्या शहरांत ती कमी झाली आहे, पण देशभर पाहता टिकून आहे. त्याच मोजणीत मोर वाढल्याचेही दिसले. मोर पिकाचा नाश करतात ही तुमची तक्रार साहेब लोक हसण्यावारी नेत असत. आता त्या तक्रारीला आकड्याचा आधार आहे. मोराला मारता येत नाही आणि मारूही नये, पण नुकसानीबद्दल बोलताना 'वाटते' म्हणण्यापेक्षा 'मोजले' म्हटले तर वजन पडते. म्हणूनच दादाचे रात्रीचे बोलणे मला पटते. भोरड्या मोजल्या पाहिजेत, आणि गेलेला जोंधळाही मोजला पाहिजे.

आता त्या सकाळचे उरलेले सांगतो. हरभरा उशिराचा होता, घाटे भरत होते. दादा त्याच दिवशी फवारणी करणार होता, पंप आणून ठेवला होता. मधल्या थांब्यावर एक कोतवाल येऊन बसला. मी दादाला म्हणालो, "हा पंधरा मिनिटांत किती वेळा खाली उतरतो ते तू मोज." दादाने मोजले. अकरा वेळा. प्रत्येक वेळी चोचीत काय होते ते दिसले नाही, पण दोनदा अळी स्पष्ट दिसली. मग आम्ही पाच ठिकाणी मीटर-मीटर ओळ तपासली. कुठेही सरासरीने एक अळी भरली नाही. मी म्हणालो, "चार दिवस थांब, पुन्हा मोजू." चार दिवसांनी मोजले, वाढ नव्हती. ती फवारणी वाचली.

कोतवालानेच अळी आटोक्यात ठेवली असे मी म्हणणार नाही. हवा, मित्रकीटक अशी दहा कारणे असतात. कोतवाल आणि वेडा राघू मधमाश्याही खातात, हेही खरे. पण इतकी वर्षे जे मी पाठ करून सांगत होतो, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. आता सांगताना माझा आवाज जरा वेगळा लागतो.

आता माझी विनंती. पाखरे मोजणारे बहुतेक लोक शहरांतून येतात. ते सुटीच्या दिवशी तलावावर किंवा अभयारण्यात जातात. तुमचा हरभरा, तुमचा माळ, तुमची विहीर यांची नोंद फार थोडी होते. आणि तिथे तर तुम्ही रोज असता! तेव्हा एवढे करून पाहा. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी, एकाच ठरलेल्या जागी पंधरा मिनिटे उभे राहा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि पीक लिहा. दिसलेली आणि ऐकलेली सगळी पाखरे संख्येसह लिहा. गावात जे नाव चालते तेच लिहा, पुस्तकी नाव पोरे शोधतील. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. त्यात कमीपणा नाही, हे मी अनुभवाने सांगतो. घरट्याजवळ जाऊ नका. टिटवी ढेकळांत उघड्यावरच अंडी घालते, नांगरताना किंवा कुळवताना दिसली तर तेवढी जागा सोडून औत वळवा. घरात शिकणारी मुले असतील तर तक्ता मोबाईलवर तीच भरतील.

मुहूर्तच हवा असेल तर आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. फेब्रुवारीतली चार दिवसांची मोजणी तर आहेच.

आणि जनावर आजारी पडले, तर पशुवैद्यकाला एक शब्द विचारा. "डॉक्टर, हे औषध गिधाडाला चालतं ना?" आमच्या भागात गिधाड आज नाही. पण परत आले, तर त्याने आपल्या बांधावर विष खाऊ नये.

गेल्या महिन्यात गावी गेलो, तेव्हा दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिटरच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत काही लिहिलेले दिसले. 'टिटवी २, अंडी ४, विहिरीजवळ.' दुसऱ्या तारखेला, 'कोतवाल ३.' मी वहिनींना विचारले, "हे कुणाचं?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्या कुणाचं असणार? आता दुधाचा हिशेब मला वेगळ्या वहीत ठेवावा लागतो."

एका तारखेला नुसता 'तास' लिहून पुढे शून्य घातले होते. दादा म्हणाला, "नाही आला, तर नाही आला हेही लिहायला पाहिजे ना?" मी म्हणालो, "लिहायलाच पाहिजे." तेव्हापासून त्या शून्याच्या जागी एक आकडा कधी पडतो याची आम्ही दोघेही वाट पाहतो आहोत.